पावसाळ्यात कॅनव्हास पुन्हा पुन्हा ढिला पडतो: पाचर ठोकण्याआधी काय तपासायचं

जूनचा तिसरा आठवडा उजाडला की माझा फोन एकाच वाक्याने सुरू होतो. "ताई, कॅनव्हास पुन्हा ढिला झाला." रत्नागिरीत मी गेली सोळा वर्षं कॅनव्हास ताणून देते, चौकटी बनवते, अस्तर (रंगाखाली कापडावर देतात तो थर) लावून देते. समुद्राची हवा, कौलारू घरं आणि चार महिने न थांबणारा पाऊस असल्यामुळे हा एक बिघाड माझ्याकडे इतक्या वेळा आला आहे की आता फोनवरच पहिले प्रश्न ठरून गेलेत. तेच इथे लिहिते आहे. स्वस्त आणि सोपं आधी, अवघड आणि खर्चाचं शेवटी. हा क्रम मोडू नका. बहुतेक चित्रं पहिल्या तीन पायऱ्यांतच बरी होतात, आणि बहुतेक चित्रं बिघडतात ती लोक थेट पाचवी पायरी गाठतात म्हणून.

आधी लक्षणं नीट ओळखा

"ढिला झाला" या दोन शब्दांत लोक वेगवेगळे आजार सांगतात. चित्र खिडकीजवळ न्या, उजेड एका बाजूने तिरका पडू द्या आणि पाहा.

– मधोमध झोळ आहे, बोटाच्या पेराने वाजवलं तर ढोलकीसारखा आवाज न येता भद्द येतो. हे साधं सादळणं.
– कोपऱ्यातून मध्याकडे जाणाऱ्या तिरक्या सुरकुत्या आहेत. ताण सगळीकडे सारखा नाही.
– फक्त खालच्या पट्टीलगत फुगवटा आहे, जणू आत सुपारी अडकली आहे. बहुधा खरंच काहीतरी अडकलेलं असतं.
– चौकटीच्या पट्ट्यांच्या आतल्या कडेची सरळ रेघ चित्राच्या बाजूला उमटली आहे.
– चित्र टांगल्यावर तीन कोपरे भिंतीला टेकतात, चौथा सुटतो. लाकूड पिळलं आहे.
– मागच्या कापडावर पिवळट-तपकिरी तेलकट डाग आहेत.
– राखाडी किंवा पांढरे ठिपके, कुबट वास.
– रंगाला भेगा, किंवा पोपडे सुटताहेत. हे दिसलं तर बाकी काही न वाचता थेट शेवटच्या भागाकडे जा.

हे होतं कशामुळे

पापड सादळतो तसा कॅनव्हासही सादळतो. फरक एवढाच की कॅनव्हासमध्ये एकच वस्तू नसते. कापड असतं, त्यावर सरसाचा किंवा ॲक्रिलिकचा थर, त्यावर जेसो (रंग धरून ठेवणारा पांढरा लेप) किंवा तेलाचं प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्याला धरून ठेवणारं लाकूड. प्रत्येकाची हवेतल्या ओलीला वागायची तऱ्हा निराळी. कोरं सुती कापड भिजलं की धागे फुगतात आणि कापड आखडतं, हे नवी खादी धुणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. पण अस्तर लावलेल्या कॅनव्हासमध्ये ताणाचा मोठा भाग अस्तराच्या थराने पेललेला असतो. तो थर ओल शोषून मऊ पडला की त्याची पकड जाते आणि झोळ येतो. हवा कोरडी झाली की तोच थर पुन्हा कडक होतो आणि कापड आपोआप ताणलं जातं.

म्हणजे जुलैमधल्या ढिलेपणातला बराचसा भाग ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुणी हात न लावता भरून येतो. ज्याला हे माहीत नसतं तो भर पावसात पाचरा, म्हणजे कोपऱ्यांत बसून चौकट पसरवणारे आणि कापड ताणणारे लाकडाचे निमुळते तुकडे, ठोकायला हातोडी घेतो.

पहिली पायरी: खर्च शून्य, भिंतीवर तळहात ठेवा

चित्र उतरवा आणि ते जिथे टेकलं होतं तिथे भिंतीला तळहात लावून दहा आकडे मोजा. भिंत शेजारच्या भिंतींपेक्षा गार लागली, तर ती बाहेरची किंवा न्हाणीघराची भिंत आहे आणि तिच्यात ओल आहे. अशा भिंतीला चिकटून असलेल्या कॅनव्हासच्या मागची हवा खोलीतल्या हवेपेक्षा जास्त दमट असते, कारण ती हलतच नाही.

चित्र आतल्या भिंतीवर न्या. तशी सोय नसेल तर चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बाटलीच्या बुचाचे, बोटाच्या जाडीचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून वारा खेळेल. पंखा चालू ठेवा. दिव्याचा बल्ब किंवा हीटर चित्राजवळ आणू नका. एका जागी गरम आणि बाजूला दमट असं झालं की लाटा वाढतात. पावसाळ्यासाठी म्हणून चित्र प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून कपाटावर ठेवणं तर सर्वांत वाईट, कारण गुंडाळताना आत असलेली ओल तिथेच कोंडते आणि आठवड्याभरात बुरशी धरते.

शक्य असेल तर तीन-चारशे रुपयांचा डिजिटल हायग्रोमीटर घ्या. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांत असते. खोलीत आकडा ६० च्या आसपास ठेवता आला तर कॅनव्हास सुखात राहतो. ७० च्या वर तो दिवसेंदिवस राहिला तर बुरशीची तयारी समजा. कॅनव्हासच्या मागे पेन्सिलीने तारीख, आकडा आणि "ढिला" किंवा "ठीक" एवढं लिहीत जा, पण लाकडावर लिहा, कापडावर नको. दोन पावसाळ्यांच्या नोंदी असल्या की दोष हवेचा की कापडाचा, हे वाद न घालता कळतं.

दुसरी पायरी: उलटं करून नुसतं बघा

माझ्याकडे एकदा दोन बाय तीन फुटांचं चित्र आलं. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर फुगवटा होता आणि त्याच्या माथ्यावर रंगाला केसासारखी भेग गेली होती. चित्रकाराला ते पुन्हा ताणून हवं होतं. मी ते स्वच्छ चादरीवर पालथं ठेवलं आणि कापड व खालची पट्टी यांच्या फटीत बॅटरीचा उजेड टाकला. आत कोपऱ्यातून निखळलेली लाकडी पाचर होती, तिच्यावर भिंतीच्या गिलाव्याचे कण, आणि पालीच्या अंड्याचं वाळकं टरफल. पाचर तिथे किती पावसाळे बसली होती कोण जाणे. पोस्टकार्डाची कड आत सरकवून मी ती अलगद बाहेर ओढली, कचरा मऊ ब्रशने झाडला. फुगवटा पंधरा दिवसांत जवळजवळ बसला. भेग मात्र कायमची राहिली.

म्हणून चौकटीत बसवलेली आठही पाचरं आहेत का ते मोजा. प्रत्येक कोपऱ्यात दोन असतात. सातच असतील तर आठवी खालच्या पट्टीमागे आहे असं धरून चाला. सापडल्या की सगळ्या पाचरांना लाकडाशी एक थेंब पांढऱ्या गोंदाने किंवा कागदी पट्टीने अडकवून ठेवा. काम दोन मिनिटांचं आहे आणि यामुळे वाचलेली चित्रं मी मोजू शकत नाही.

पाचरंच नसतील, आणि कोपरे खिळ्यांनी किंवा गोंदाने जाम केलेले असतील, तर ती चौकट ताणता येणारी नाही. बाजारातले स्वस्त तयार कॅनव्हास बरेचदा असेच असतात. मग पाचरांची पायरी तुमच्यासाठी नाही हे आत्ताच लिहून ठेवा.

तिसरी पायरी: सुतळी

एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी धरा, गाठ मारून खूण करा, आणि तीच सुतळी दुसऱ्या कर्णावर धरा. लांबी सारखी भरली तर चौकट काटकोनात आहे. अर्धा सेंटीमीटरही फरक असेल तर कोपऱ्यातल्या तिरक्या सुरकुत्या कापडामुळे नाहीत, चौकट तिरकी झाल्यामुळे आहेत. चौकट सपाट फरशीवर ठेवून पिळ आहे का तेही पाहा. तीन फुटांहून लांब पट्टीला मध्ये आडवा आधार नसेल तर ती आत वाकते, आणि मग ताण कितीही दिला तरी मधला झोळ जात नाही. लांबीला सरळ धरून एका डोळ्याने पट्टीकडे पाहिलं की वाक लगेच दिसतो.

चौकटीची निवड आधीच करता आली तर दोन गोष्टी हटून मागा. लाकूड नीट वाळलेलं आणि गाठी नसलेलं हवं, आणि पट्टीची पुढची कड बाहेरून उंच, आत उतरती हवी. कड सपाट असली की कापड पट्टीला टेकतं आणि काही वर्षांत तिची रेघ समोर उमटते. ती रेघ पुन्हा पुसली जात नाही.

मागून पाणी मारण्याचा उपाय

हा सगळीकडे सांगितला जातो, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहिते. कोऱ्या, ॲक्रिलिक जेसो लावलेल्या सुती कॅनव्हासवर मागून हलका फवारा मारला की कापड आखडतं आणि काही काळ ताण येतो. छोट्या पोच्यासाठी हे चालतं. कायमचा इलाज नाही, कारण पाणी उडालं की कापड होतं तिथे येतं.

तैलचित्राच्या मागे हे कधीही करू नका. जुन्या तैलचित्रात कापडावर सरसाचा थर असतो. तो पाण्याने फुगतो, त्याच वेळी कापड आखडतं, आणि वरचा कडक झालेला तेलरंग या ओढाताणीत जागा सोडतो. समोरून लगेच काही दिसत नाही. महिन्याभराने पोपडे दिसतात, तेव्हा फवाऱ्याशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. इस्त्रीचंही हेच. चित्राच्या मागून इस्त्री फिरवलेली दोन चित्रं मी पाहिली आहेत, दोन्हींत रंगाचा उठाव चेपून चकचकीत झाला होता.

चौथी पायरी: पाचर, पण योग्य महिन्यात

पाचर ठोकायची ती दिवाळीच्या सुमारास, हवा स्थिर झाल्यावर. कोकणातल्या ऑगस्टमध्ये ढोलकीसारखं घट्ट केलेलं कापड कोरड्या दिवसांत अति ताणलं जातं. हे मी स्वतःच्या कामातून शिकले. एका चित्रकाराच्या आग्रहावरून मी ऑगस्टच्या मध्यावर त्याच्या मोठ्या चित्राच्या पाचरा पक्क्या ठोकून दिल्या. चित्र नागपूरला गेलं. तिथल्या उन्हाळ्यात हवा अगदी कोरडी आणि पारा ४५ पर्यंत. पुढच्या मे महिन्यात त्याने फोटो पाठवला: चारही कोपऱ्यांतून मध्याकडे तिरक्या बारीक भेगा, सगळ्या एकाच दिशेच्या. तेव्हापासून चित्र कुठे राहणार आहे हे विचारल्याशिवाय मी हातोडीला हात लावत नाही.

करायचं कसं: चित्र उभं धरा, शक्यतो दुसऱ्या माणसाने आधार द्यावा. कापड आणि पट्टी यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा, म्हणजे हातोडी घसरली तरी कापडाला लागणार नाही. सुताराची लहान हातोडी घ्या. प्रत्येक पाचरेला एक हलका ठोका, मग समोरच्या कोपऱ्यात जा, असं आठही. एक फेरी झाली की थांबा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. गरज वाटली तर आणखी एक फेरी. कोपऱ्याची फट तीन-चार मिलिमीटरहून जास्त उघडायला लागली तर दोष पाचरेच्या आवाक्याबाहेरचा आहे. सुतळीने कर्ण पुन्हा मोजा, कारण असमान ठोक्यांनी चौकट तिरकी होते.

तैलचित्र वीस-पंचवीस वर्षांहून जुनं असेल तर पाचरेलाही हात लावू नका.

पाचवी पायरी: स्टेपल काढून पुन्हा ताणणं

फक्त कोऱ्या कॅनव्हाससाठी, किंवा पातळ ॲक्रिलिकच्या ताज्या चित्रासाठी. जाड लेपाचं तैलचित्र या पायरीवर आणू नका.

आमच्याकडे समुद्रकाठी साध्या स्टेपलला दोन पावसाळ्यांत गंज चढतो. गंज कापड खातो, भोवती तपकिरी वर्तुळ दिसतं, आणि एके दिवशी कापड त्या जागी फाटून सुटतं. स्टेनलेस स्टीलचे स्टेपल किंवा तांब्याच्या चुका वापरा. किंमत थोडी जास्त, पण सबंध चित्राच्या तुलनेत काहीच नाही. ताणताना आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक, मग मध्यापासून दोन्हीकडे आळीपाळीने, समोरासमोरच्या बाजूंना, कोपरे सर्वांत शेवटी. कॅनव्हासची पक्कड घ्या, हाताने सारखा ताण येत नाही. कापडाचा उभा-आडवा धागा पट्टीला समांतर आहे ना, हे प्रत्येक वीतभर अंतरावर पाहा. धागा तिरका गेला की सुरकुती तिथूनच सुरू होते.

सहावी पायरी: दोष कापडाचा आणि अस्तराचा

एवढं करूनही दर पावसाळ्यात तेच होत असेल, तर चुकीचं कापड निवडलं गेलं आहे. ही पायरी पुढच्या चित्रासाठी आहे.

बाजारात बहुतेक कॅनव्हास सुती असतो. वजन जीएसएममध्ये (दर चौरस मीटरला ग्रॅम) सांगतात, जुने दुकानदार औंसात (दर चौरस यार्डाला). १० औंस म्हणजे सुमारे ३४० जीएसएम, १२ औंस म्हणजे साधारण ४००. विक्रेता सांगतो तो आकडा कोऱ्या कापडाचा की प्रायमरसकट, हे विचारा. २८० चा आकडा प्रायमरसह असेल तर कापड स्वतः फार हलकं आहे, आणि हलकं कापड ओलीत आधी हार मानतं. दीड बाय दोन फुटांच्या आतल्या चित्राला चालून जातं. तीन फुटांच्या वर मी ३४० च्या खाली जात नाही.

मांजरपाटावर घरी अस्तर लावणारे विद्यार्थी पुष्कळ. सराव म्हणून उत्तम, आणि मी तो थांबवत नाही. पण मांजरपाट पातळ, सैल विणीचा असतो, झोळ ठरलेला. चार वर्षं टिकवायचं चित्र त्यावर काढू नका. तीच गोष्ट अस्तराची. घराच्या भिंतीचा प्रायमर स्वस्त पडतो, पण तो हलत्या कापडासाठी बनवलेला नसतो, भिंत हलत नाही. कापड श्वास घेतल्यासारखं मागे-पुढे होत राहतं, प्रायमर तडकतो, आणि रंग त्याच्यासकट निघतो.

लिनन म्हणजे अळशीच्या धाग्याचं कापड. धागा लांब आणि ताठ, त्यामुळे सुतीपेक्षा कमी लांबतं आणि पोत सुरेख. पण महाग, आणि दमट हवेत सरसाचं अस्तर असलेलं लिनन सुतीइतकंच त्रास देतं. लिनन घेतलं म्हणजे पाऊस जिंकला असं होत नाही. पॉलिएस्टर किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र कापड ओलीला खूपच कमी प्रतिसाद देतं. कोकण-गोव्याच्या घरात राहणाऱ्या मोठ्या ॲक्रिलिक चित्रासाठी मी हल्ली तेच सुचवते, ब्रशखाली ते थोडं निर्जीव लागतं तरीही.

सरसाबद्दल माझं मत ठाम आहे. ससा किंवा इतर प्राण्यांच्या कातड्याचा सरस युरोपातल्या थंड हवेच्या स्टुडिओत शतकानुशतकं वापरला गेला. इथल्या पावसात तो फुगतो, आकसतो आणि बुरशीला खाद्य पुरवतो. चिंचोक्याच्या खळीचंही तेच, बुरशी आणि कसर दोघांना ती आवडते. आपल्या हवेत ॲक्रिलिक मीडियमचे किंवा आम्ल नसलेल्या पीव्हीए गोंदाचे दोन पातळ हात, त्यावर ॲक्रिलिक जेसोचे तीन पातळ थर. पहिला उभा, दुसरा आडवा, प्रत्येक नीट वाळू द्या. तैलरंग सुरू करण्याआधी किमान तीन दिवस थांबा, पावसाळ्यात आठवडा. कापड आणि तेल यांच्यामध्ये हा पडदा हवाच, कारण वाळताना अळशीचं तेल धाग्यांना जाळतं. मागे दिसणारे पिवळट-तपकिरी डाग म्हणजे तेल पडदा ओलांडून धाग्यात पोचल्याची खूण. ते कापड पुढे ठिसूळ होणार.

विकत घेण्याआधी दुकानात करता येतील अशा तीन तपासण्या. तुकडा उजेडासमोर धरा: टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर अस्तर पातळ आहे. पाण्याचा एक थेंब टाका: तो मिनिटभर गोल राहिला तर ठीक, लगेच शोषला गेला तर तेलही शोषलं जाईल. घडी घालून कड नखाने दाबा आणि उलगडा: पांढरी पूड झडली तर ते ठेवून द्या.

पोपडे निघत असतील तर कॅनव्हासला दोष देण्यापूर्वी पांढरा रंग कोणता वापरला ते आठवा. झिंक व्हाइट तेलात काळाबरोबर फार ठिसूळ होतो आणि थरांना सुटायला लावतो, विशेषतः खालच्या थरांत जाड वापरला तर. तैलरंगावर ॲक्रिलिक लावलं असेल तर तेही सुटणारच. ॲक्रिलिकवर तेल चालतं, उलटं चालत नाही.

सातवी पायरी: कापडच सोडून द्या

दोन फुटांच्या आतल्या कामासाठी मला आता कडक पाया जास्त आवडतो. ढिलं पडायला काही उरतच नाही.

३ मिमी हार्डबोर्ड स्वस्त आणि चांगला, पण दीड-दोन फुटांच्या पुढे मागे लाकडी पट्ट्या लावल्याशिवाय वाकतो. एमडीएफ गुळगुळीत असतो, पण कडांनी पाणी पितो आणि भाकरीसारखा फुगतो. वापरायचाच तर सहाही बाजूंना सीलर. प्लाय घेताना मरीन प्लायवर आयएस ७१० चा शिक्का पाहा. साधा एमआर (ओलीला थोडाफार टिकणारा) प्लाय आयएस ३०३ चा असतो, तो आमच्या हवेला पुरत नाही. कुठलाही बोर्ड घ्या, पुढे जितके थर द्याल तितकेच मागेही द्या. एका बाजूनेच झाकलेला बोर्ड दुसऱ्या बाजूने ओल घेतो आणि वळतो.

ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल, साइनबोर्डवाले वापरतात तेच, ओलीला जवळजवळ दाद देत नाही. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग घासा, स्पिरिटने पुसा, मग प्रायमर. वाळल्यावर कोपऱ्यात ब्लेडने जाळी कापून चिकटपट्टी लावून ओढा. प्रायमर निघाला तर घासणं कमी पडलं. मला हा पाया एवढ्यासाठी आवडतो की समुद्राकडे खिडकी असलेल्या घरातही त्याची काळजी करावी लागत नाही.

जलरंगाच्या कागदाचा प्रश्न वेगळा आहे, पण एक ओळ: ३०० जीएसएमचा सुती कागद बोर्डावर ओला ताणून चिकटवा, आणि पावसाळ्यात काचेला थेट टेकवू नका, मध्ये माउंट ठेवा.

बुरशी दिसली तर

एन९५ मास्क लावा, चित्र इतरांपासून वेगळं करा, सावलीत हवेशीर जागी सपाट ठेवून आधी वाळू द्या. ओल्या फडक्याने पुसू नका, ब्लीच किंवा व्हिनेगर तर मुळीच नको, ओलं पुसलं की बी पसरतं. पूर्ण वाळल्यावर फक्त मागच्या लाकडावरून आणि कोऱ्या कापडावरून मऊ ब्रशने बाहेर अंगणात झाडा. रंगाच्या बाजूला बुरशी असेल तर थांबा.

इथे थांबा

खालीलपैकी काहीही असेल तर हातोडी, फवारा, गोंद सगळं बाजूला ठेवा. रंग सुटतो आहे. कापड फाटलं आहे. रंगाच्या बाजूला बुरशी आहे. चित्र सरसाच्या अस्तरावरचं जुनं तैलचित्र आहे, म्हणजे वाड्याच्या ओसरीवर टांगलेलं पणजोबांचं तैलचित्र असतं तसं. मागे आधी कुणीतरी मेणाने किंवा गोंदाने दुसरं कापड चिकटवलेलं आहे. किंवा चित्र तुमचं नाही. मीही अशा वेळी थांबते. कॅनव्हास ताणणं आणि चित्रं दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्यासाठी शिकलेला संवर्धक लागतो. चौकट बनवणारा, मीसुद्धा, त्याला पर्याय नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या संवर्धन प्रयोगशाळा आहेत, लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा आहे. तिथे आधी फोटो पाठवून विचारा.

तोपर्यंत चित्र रंगाची बाजू वर करून सपाट ठेवा. पडलेले कण फेकू नका, लहान कागदी पाकिटात घालून कुठून पडले ते पाकिटावर लिहा. समोरून चिकटपट्टी लावू नका. न्यायचं झालंच तर गुंडाळू नका. अगदीच इलाज नसेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड व्यासाच्या नळीवर गुंडाळा. आत ठेवून गुंडाळलं तर रंग चेपून त्याला चुण्या पडतात. आणि मागे पेन्सिलीने लिहिलेल्या त्या तारखा आणि आकडे संवर्धकाला दाखवायला विसरू नका.